केराड्यावरचा कंदील

साकेलारिस जिवंत आहे, हे त्याच्या बायकोला रोज संध्याकाळी एका कंदिलावरून कळायचं. म्हातारा राहायचा केराड्यावर, म्हणजे समोरच्या उघड्याबोडक्या बेटावर, शेळ्यांच्या संगतीला. बायको कलोतिना अलीकडे, कालिम्नोसच्या उत्तर टोकावरच्या गावात. मधे समुद्राचा अरुंद पट्टा. केराड्याच्या माथ्यावर संत निकोलासचं पांढरं चिमुकलं देऊळ होतं. त्याला उत्तर-दक्षिण दोन्ही अंगांना खिडक्या, आणि आत होडीवरचा एक जुना कंदील टांगलेला. म्हाताऱ्याच्या झोपडीपाशी फोन धड लागत नसे, आणि लागला असता तरी साकेलारिसनं तो उचलला नसता. दिवेलागणीला कंदील पेटला की म्हातारा ठीक आहे, आणि नाही पेटला तर विचारत न बसता होडी घेऊन निघायचं, एवढंच तो बायकोला सांगून गेला होता. पोराला हे आईकडूनच कळलं, त्यानं स्वतः काहीच सांगितलं नव्हतं, कारण पोराशी तो दोन वर्षं बोलतच नव्हता.

पोरगा थेमेलिस चाळिशीला टेकलेला, शिडाच्या नौकेवर तांडेल, म्हणजे तिचा कप्तान. शनिवारी पाहुणे घ्यायचे, आठवडाभर बेटाबेटांवरून फिरवायचे, पुढच्या शनिवारी धक्क्यावर उतरवायचे. त्याआधी बापलेक मासेमारी करायचे. होडीचं नाव ‘कलोतिना’, लाकडी, साकेलारिसच्या बापानं बांधून घेतलेली, लग्नानंतर साकेलारिसनं तिला बायकोचं नाव दिलेलं. मग सरकारनं काढलं की समुद्रात होड्या फार झाल्या, जो परवाना परत करील त्याला भरपाई मिळेल, पण होडी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत मोडायची. परवाना थेमेलिसच्या नावावर होता. त्यानं सही केली.

थेमेलिसचं चुकलं होतं का? जाळ्यात पाण्याखेरीज काही येत नव्हतं. बाप म्हणायचा, मासे नसतील तर बसून माशा मारीन, पण माझ्या होडीत बसून मारीन. अशा माणसाशी हिशोबाचं बोलणार कोण? एके सकाळी वाळूवर यंत्र आलं आणि त्याचा लोखंडी पंजा ‘कलोतिना’च्या कण्यावर बसला. जो आवाज झाला त्यानं मजा बघायला आलेले लोकसुद्धा गप्प झाले. साकेलारिस शेवटपर्यंत उभा होता. ढिगातून त्यानं होडीचा कंदील तेवढा उचलला, वल्ह्याची होडी घेतली आणि केराड्यावर गेला तो गेलाच. केराड्याची चराई कलोतिनाच्या आंदणातली होती. लग्नाआधी तिनं स्वतः तिथे शेळ्या राखल्या होत्या, त्यामुळे नवरा तिथे गेला याचं तिला फारसं वावगं वाटलं नाही. नवरा गेला आणि पोरगा घुम्यासारखा गप्प बसला, याचं मात्र वाटलं.

त्या वर्षी तिनं मनाशी पक्कं केलं होतं. ऑगस्टच्या मध्यावर मरियमचा सण येतो, त्याआधी दोन आठवडे उपास. उपास सुटेल त्या दुपारी दोघांना एका टेबलाशी बसवायचंच. सण रविवारी होता. त्याच्या आठ दिवस आधी, शनिवारी, थेमेलिस पाहुणे घेऊन निघाला तेव्हा तिनं त्याच्याजवळ टोपली दिली. सातूचे कडक पाव, ऑलिव्ह, चण्याचे वडे, अंजिरं. ती म्हणाली, “हातात दे त्याच्या. चोरासारखी धक्क्यावर ठेवून पळून येऊ नकोस. आणि सांग, आईनं रविवारी जेवायला बोलावलंय. तुझं नाव घेऊ नको, माझं घे.”

थेमेलिस हो म्हणाला. मनातून त्यालाही तेच हवं होतं. बापानं शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. ती गप्प पाठ त्याला सोसत नव्हती.

नौकेवर चौघं डच पाहुणे होते. त्यातली मारइके नावाची बाई सगळ्यांत मोठी, उभा जन्म दवाखान्यात परिचारिका म्हणून काढलेली. हसरी, उत्साही, प्रत्येक दोराचं नाव विचारणारी. पहिल्या संध्याकाळी केराड्याच्या दक्षिणेच्या खाडीत नांगर टाकला तेव्हा तिनंच आधी शेळ्या पाहिल्या. धक्क्याजवळच्या दगडी कुंडीभोवती त्या घोळक्यानं उभ्या होत्या आणि ओरडत होत्या. पाहुण्यांनी फोटो काढले. कुंडी कोरडी होती. हे थेमेलिसला दिसलं, आणि म्हातारा आळशी झाला असं त्याच्या मनात येऊन गेलं. साकेलारिसला आयुष्यात कोणी आळशी म्हटलं नव्हतं.

टोपली घेऊन तो धक्क्यावर उतरला. वर झोपडीकडे जाणारी पायवाट समोर होती. पाहुण्यांची नौका दिसली की म्हातारा शेळ्यांमागे पलीकडच्या अंगाला निघून जातो आणि ती जाईपर्यंत तोंड दाखवत नाही, हे सगळ्या खलाशांना ठाऊक होतं. वर जायचं, रिकाम्या झोपडीत हाका मारायच्या, आणि वर पाहुण्यांनी विचारायचं की तुमचे वडील का येत नाहीत! थेमेलिसनं टोपली धक्क्यावरच्या खांबाला अडकवली. चोरासारखी, आई म्हणाली होती तशीच.

सूर्य बुडाला. माथ्यावरची खिडकी काळीच राहिली.

थेमेलिस नौकेच्या मागच्या फळीवर बसून त्या खिडकीकडे बघत होता. आता लागेल, मग लागेल. हळूहळू त्याला राग यायला लागला. म्हातारा वर कुठेतरी बसून आपली नौका बघतोय आणि मुद्दाम दिवा लावत नाहीये, ह्याची त्याला खात्रीच पटली. तुझी नौका माझ्या खाडीत उभी आहे तोवर मी देवळाकडे फिरकणार नाही, असा हा रुसवा. आणि तिकडे आई खिडकीशी उभी असणार. दिवा दिसला नाही की ती शेजाऱ्यांना उठवणार, होडी काढायला लावणार, आणि सगळा गाव येऊन बघणार की पोरगा खाडीत नांगर टाकून बसलाय आणि बाप वर फुगून बसलाय. शोभा व्हायची नुसती.

मारइकेला देऊळ बघायचंच होतं. थेमेलिसनं तिला तेलाची बाटली दिली आणि म्हणाला, “आमच्यात रीत आहे. वाटेनं जाणाऱ्यानं देवळात दिवा लावायचा. खिडकीत कंदील आहे, तो लावा.”

रीत खरीच होती. त्या समुद्रात कुठल्याही ओसाड खडकावर देऊळ असलं तरी त्यातला दिवा कोणी ना कोणी लावतं आणि पुढे जातं. मारइकेला ते फार आवडलं. चौघंही विजेऱ्या घेऊन वर गेली. थोड्या वेळानं खिडकी उजळली. बाईनं हात राखून तेल घातलं नव्हतं, वातही पुरती वर काढली होती. पलीकडे गावात आईनं छातीवर क्रूसाची खूण केली असेल आणि पडदा ओढला असेल, असं मनात येऊन थेमेलिसला बरं वाटलं. आज निदान एक काम नीट केलं, असं वाटलं.

कंपनीच्या तीन नौका एकाच वाटेनं, एकामागून एक, एकेका दिवसाच्या अंतरानं फिरत होत्या. दुसरीवर मिकेस, थेमेलिसचा शाळेपासूनचा दोस्त. सकाळी शीड चढवायच्या आधी थेमेलिसनं त्याला फोन लावला. म्हातारा रुसलाय, तू आज केराड्याला थांबशील तेव्हा दिवा लागला नसेल तर लावून टाक, आईचा जीव उगाच टांगणीला नको, आणि मागून येणाऱ्यालाही सांग.

“वा रे वा,” मिकेस म्हणाला. “बाप तुझा, रुसवा तुझ्यावर, आणि तेल माझ्या पाहुण्यांचं?”

“तेल मी भरून देईन. दिवा लाव.”

“लावतो बाबा. देवाचंच काम आहे.”

लेरोस बेटावर पाहुण्यांनी पोहून घेतलं, लिप्सी बेटावर भाजलेला ऑक्टोपस खाल्ला. सोमवारी सकाळी आईचा फोन आला. आवाजावरूनच ती खुशीत असल्याचं कळत होतं. दिवा दोन्ही दिवस लागला, पण उशिरानं लागला, आणि केवढा मोठा, म्हणाली.

“तुझा बाप बुधलीच्या तोंडाला राहिलेलं तेल बोटानं पुसून डोक्याला लावणारा माणूस. दोन वर्षं वात नखाएवढी ठेवलीन. आणि आता बघावं तर लग्नघर!”

“सण जवळ आलाय,” थेमेलिस म्हणाला.

“मलाही तेच वाटलं. टोपली हातात घेतली ना त्यानं?”

त्या क्षणी खरं बोलायला काय लागलं असतं? एक वाक्य. ते वाक्य थेमेलिसच्या जिभेवर आलंही होतं. पण आई हसत होती, आणि दोन वर्षांत ती अशी हसलेली त्याला आठवत नव्हती.

“घेतली,” तो म्हणाला.

“काय म्हणाला?”

“तू ओळखतेस त्याला. काही म्हणाला नाही. घेतली.”

“येईल मग,” ती म्हणाली. “त्यानं पाव घेतला म्हणजे येईल. मी शेजारणीला कोकरू सांगून ठेवते.”

दुपारी मिकेसचा फोन आला. या वेळी त्यानं चेष्टा केली नाही. टोपली शेळ्यांनी फाडली होती, पाव सगळीकडे विखुरले होते. दिवा लागलेला नव्हता, म्हणून पाहुण्यांना घेऊन वर गेला आणि लावला. येताना झोपडीवरून आला. दार उघडं होतं. हाक मारली, ओ आली नाही.

“तुझ्यामुळे माझ्याशीही बोलत नसेल,” मिकेस म्हणाला. “पण थेमेलिस, टोपली तर त्यानं घ्यायला हवी होती. रुसवा तुझ्यावर, पावावर कशाला?”

मिकेस तोवर लेरोसला पोचला होता. त्या संध्याकाळी केराड्याला तिसरी नौका असणार होती, तिचा तांडेल मुख्यभूमीकडचा, नवखा. थेमेलिसनं त्याला सांगितलं, दिवा लाव, पण आधी मोठ्यानं हाका मार. रात्री उत्तर आलं: मारल्या, वारा फार सुटलाय, काही ऐकू येत नाही, दिवा लावला.

मेल्तेमी सुटला होता. ऑगस्टमधला उत्तरेचा कोरडा वारा, आभाळ निळंशार आणि समुद्र पांढरा. मंगळवारी बंदरखात्यानं नौकांना निघायची बंदी केली. थेमेलिस आर्की बेटावर अडकला. तिसरी नौका केराड्याच्याच खाडीत अडकली. दक्षिणेची खाडी आडोशाची, पण वाऱ्याचे भोवरे येत होते, तांडेल नांगर सोडून हलू शकत नव्हता. पाहुण्यांना दुसरी करमणूक नव्हती, म्हणून रोज संध्याकाळी ते माथ्यावर जाऊन कंदील लावून येत. त्यांनी आळीपाळी ठरवली होती म्हणे.

बंदी नौकांना होती. गावच्या होड्यांनी तो पट्टा ओलांडला असता. कलोतिनाच्या भावांनी याहून वाईट वाऱ्यात ओलांडला होता. थेमेलिसनं फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. आईला सांगायचं काय? की दिवा बाप लावत नाहीये, मी लावायला लावतोय? की टोपली त्यानं घेतलीच नाही? तिचं कोकरू, तिचा रविवार, सगळं एका वाक्यात मोडायचं, आणि मग वर माणसं जायची आणि म्हातारा झोपडीत बसलेला निघायचा, आणि पुढची दहा वर्षं लोक म्हणायचे, ह्यानं आईला फसवलं. रुसलाय. रुसलाच असणार. सतरांदा स्वतःला सांगितलेली गोष्ट खरी वाटायला लागते. थेमेलिसला ती रात्री खरी वाटे आणि पहाटे वाटेनाशी होई. मारइकेनं दोनदा विचारलं, कप्तान, तुमची तब्येत बरी नाही का? वाऱ्याचा त्रास, तो म्हणाला. आईचा रोज फोन येई. रोज ती सांगे, लागला बरं का दिवा.

शुक्रवारी पहाटे वारा पडला. थेमेलिसनं पाहुण्यांना काही न विचारता थेट केराड्याकडे सुकाणू धरलं, शीडही न चढवता, इंजिनावर. तिसरी नौका तोवर निघून गेली होती. धक्क्याजवळ टोपलीचे वेत पडले होते. दोन शेळ्या कुंडीशेजारी मरून पडल्या होत्या. तो पायवाटेनं पळत सुटला आणि मारइके त्याच्यामागून, कोणी न बोलावता.

झोपडीत अंथरूण घडी घातलेलं. पाण्याचा माठ कोरडा. देवळातला कंदील अजून धुगधुगत होता आणि त्याची काच काजळीनं काळी झाली होती. बापानं ती काच रोज पुसलेली थेमेलिसनं लहानपणापासून पाहिली होती. तिथून तो उत्तरेच्या अंगाला गेला, जिथे डोंगर तुटतो आणि खाली घळ आहे. वरूनच त्याला काठीला बांधलेला पांढरा बनियन दिसला.

साकेलारिस घळीच्या तळाशी होता. शेजारी शेळीचं करडू, तेही मेलेलं. त्यालाच काढायला तो उतरला असणार. पाय मांडीपासून भलतीकडे वळला होता. कपारीतून थोडा पाझर येत होता, तिथे त्यानं सदऱ्याचा तुकडा लावून ठेवला होता, ओला करून चोखायला. मारइकेनं गुडघ्यावर बसून त्याची मान, हात, पापण्या पाहिल्या. थेमेलिस तिच्याकडे बघत होता. तिनं लवकर सांगावं असंही त्याला वाटत होतं आणि कधीच सांगू नये असंही.

“काल,” ती म्हणाली. “परवा नाही. काल.”

मग तिनं मान वर केली, तिचा चेहरा बदलला, आणि तिनं तोंडावर हात ठेवला. थेमेलिसनं तिच्या नजरेच्या रोखानं पाहिलं नाही. बापाला उचलायला तो वाकला, तेव्हा त्याचं डोकं बापाच्या डोक्याशेजारी आलं. म्हाताऱ्यानं मानेखाली दगड घेतला होता, वर बघता यावं म्हणून. वर घळीच्या दोन भिंतींमध्ये देवळाची उत्तरेची खिडकी होती, नेमकी, मधोमध.

बापाला हाक मारायची गरज नव्हती. वाऱ्यात हाक पोचत नाही हे त्याला माहीत होतं. त्याची हाक म्हणजे ती काळी खिडकी. पडल्या पडल्या त्यानं मनाशी म्हटलं असेल, आज रात्री दिवा दिसणार नाही, उद्या सकाळी होडी येईल. आणि अंधार पडल्यावर खिडकी उजळली. दुसऱ्या दिवशीही उजळली. रोज, म्हातारा मरेपर्यंत, कोणीतरी प्रेमानं वर चढून त्याच्या तोंडावर हात ठेवत होतं. थेमेलिसनं मानेखालचा दगड काढला आणि बापाला उचललं.

धक्क्याकडे उतरताना मारइके एवढंच म्हणाली, “मी लावला होता तो पहिल्यांदा.”

“मी सांगितलं होतं,” थेमेलिस म्हणाला. “तुमचा काही संबंध नाही.”

पोलीस आले, डॉक्टर आला, कागद झाले, आणि सणाच्या आदल्या संध्याकाळी साकेलारिस घरी आला. कोकरू शेजारणीनं परत नेलं. त्या गावात मेलेल्याला वाइननं पुसतात, आणि ते काम बायकांचं. पण कलोतिनानं बहिणींना बाहेर पाठवलं आणि पोराला आत बोलावलं. ती रडत नव्हती. फडकं वाइनमध्ये बुडवून ती नवऱ्याचे हात पुसत होती, एकेक बोट धरून.

“दिवा कोणी लावला?” तिनं विचारलं.

थेमेलिसनं सांगितलं. सगळं सांगितलं. पहिल्या संध्याकाळची काळी खिडकी, मारइके, मिकेस, तिसरी नौका, टोपली, फोनवरचं खोटं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. त्याला वाटलं होतं ती मारेल. तिनं मारावं असं त्याला वाटत होतं.

“मी रोज बघायचे,” शेवटी ती म्हणाली. “रोज म्हणायचे, आज लवकर लावला, आज उशिरा लावला. त्याच्याशी बोलायचे मी त्या दिव्यातून.” मग तिनं फडकं पिळलं. “घळीत होता ना? अंजिराच्या वळणाखालच्या?”

“हो.”

“तिथून खिडकी दिसते का?”

थेमेलिसनं बापाकडे पाहिलं. आता त्याच्याजवळ आईला द्यायला काहीही उरलं नव्हतं, फक्त हे एक होतं.

“नाही,” तो म्हणाला. “मधे कडा आहे.”

ज्या घळीत तिनं वयात येईपर्यंत शेळ्या राखल्या, तिथे कडा कुठे आहे आणि कुठे नाही, हे कलोतिनाला पोराकडून शिकायचं नव्हतं. ती “बरं,” म्हणाली, आणि नवऱ्याच्या पापण्या पुसायला लागली.